पेंडीतलं तेल कुठं गेलं? आपल्या तळ्यातल्या माशांच्या खाण्याचा थोडा इतिहास



आजची नोंद नेहमीपेक्षा लांब आहे, सवडीनं वाचा. विषय माशांच्या खाद्यातल्या तेलाचा आहे. पण सुरुवात आमच्या दोन तळ्यांपासून करतो, कारण हा सगळा शोध तिथूनच लागला.

एक तळं आप्पांनी खोदलेलं, मातीचं, नाल्याच्या कडेला. दुसरं माझं, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. दोन वर्षांपूर्वी एकाच गाडीतून आलेली कटला, रोहू, मृगळची बोटुकली दोन्हीत सोडली. खाद्यही एकच, शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा, निम्मं निम्मं. दिवाळीनंतर जाळं ओढलं. आप्पांच्या तळ्यातला रोहू हातात भरत होता. माझ्या तळ्यातला डोक्यानं मोठा आणि अंगानं बारीक. मेलेले फार नव्हते, फक्त वाढच नव्हती. खर्च मात्र माझ्या तळ्यावर जास्त झालेला, कागदाचे पैसे अजून फिटायचे होते.

आप्पा काठावर उभे होते. म्हणाले, "पाणी बघ ना दोन्हीचं. माझं हिरवं आहे, तुझं आरशासारखं. आरशात मासा दिसतो, वाढत नाही."

मी म्हटलं, "आप्पा, खाद्य तर एकच टाकतोय. पाण्यानं काय होणार?"

"मग खाद्यालाच विचार," असं म्हणून ते घरी गेले.

मी खरंच विचारत बसलो. मत्स्य विभागाच्या प्रशिक्षणात मिळालेली पुस्तकं पुन्हा काढली, जाणकारांना फोन केले, जुन्या लोकांशी बोललो. त्यातून जे कळलं ते इतिहासासारखं लावून लिहितोय, कारण आपलं खाद्य टप्प्याटप्प्यानं बदलत गेलं आणि त्यातली एक गोष्ट निघून गेली तरी आपल्याला कळलं नाही.

"पूरक" या शब्दापासून सुरुवात

आपल्याकडे माशांची शेती आज दिसते तशी फार जुनी नाही. १९५७ च्या आधी कटला-रोहूचं बी नदीतूनच गोळा करावं लागे. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात जाळी लावून अंडी-पिल्लं धरायची आणि जे येईल ते तळ्यात सोडायचं. त्यात नको असलेले मासेही येत. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १९५९ मध्ये चंदेरा आणि गवत्या हे परदेशी मासे देशात आले. १९७१ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पातून मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर सुरू झाले. वरच्या थरात कटला आणि चंदेरा, मधे रोहू, तळाशी मृगळ आणि सायप्रिनस, काठचं गवत गवत्याला, अशी वाटणी ठरली.

याच काळात खाद्याची शिफारस रुजली. तळ्याला चुना आणि शेणखत द्यायचं, वरून भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात. पेंड तेलघाणीवर मिळे, कोंडा भातगिरणीवर. दोन्ही स्वस्त, दोन्ही जवळ. आपल्या नवापूर भागात भात आहेच, भुईमूगही होता. शिफारस आपल्यासाठीच केल्यासारखी बसली.

जुन्या पुस्तकांत या पेंड-कोंड्याला "पूरक खाद्य" म्हटलं आहे. मी हा शब्द शंभरदा वाचला असेल, पण त्याचा अर्थ कधी मनावर घेतला नव्हता. पूरक म्हणजे जोडीला दिलेलं. मग मुख्य खाद्य कुठलं? ते पाण्यात तयार व्हायचं. शेणखतानं शेवाळ, शेवाळावर बारीक जीव, त्यावर मासा. पेंड-कोंडा हे वरचं कालवण होतं, भाकरी पाण्यातच होती.

आपण पुढे "पूरक" शब्द विसरलो आणि कालवणावरच मासा जगवायला निघालो.

उंदरांनी शिकवलेला धडा

आता थोडं लांब जाऊ. शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचा समज असा होता की तेल-तूप म्हणजे फक्त ताकद. अंगाला ऊर्जा देतं, सोबत काही जीवनसत्त्वं नेतं, बस. पिठूळ पदार्थ भरपूर दिले तर तेलाशिवायही चालेल असं मानत.

१९२९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांना पूर्ण तेलविरहित आहार दिला. बाकी सगळं दिलं, जीवनसत्त्वंही दिली. तरी उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यासारखी झाली, शेपटी खराब झाली, मूत्रपिंडं बिघडली. मग लिनोलिक आम्ल असलेलं तेल अगदी थोडं दिलं तर उंदीर सुधारले. त्यावरून "आवश्यक फॅटी ॲसिड" ही कल्पना आली. शरीर स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळायला हवीत अशी ही मेदाम्लं.

यातली दोन आपल्या कामाची. पहिलं लिनोलिक, ते ओमेगा-६ कुळातलं. दुसरं लिनोलेनिक, ते ओमेगा-३ कुळातलं. नावं सारखी वाटतात पण एकाचं काम दुसरं करत नाही. पिकाच्या भाषेत सांगायचं तर स्फुरद कमी पडलं आणि तुम्ही युरिया दुप्पट टाकला तर काय होतं? झाड हिरवं दिसतं, उत्पन्न वाढत नाही. जे कमी आहे तेच उत्पन्न अडवतं. इथंही तसंच.

ही मेदाम्लं शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात लागतात. वाढ म्हणजे नव्या पेशी, आणि नवी पेशी म्हणजे नवं आवरण. म्हणून वाढत्या वयातल्या जीवाला त्यांची कमतरता आधी जाणवते. आपली बोटुकली त्याच वयात असतात.

माशांची पाळी

माशांचं गणित उंदरापेक्षा वेगळं निघालं. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात ट्राउट माशावर काम झालं. १९७२ मध्ये कॅस्टेल, सिन्हुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्राउटला ओमेगा-३ लागतं, खाद्याच्या सुमारे १ टक्का लिनोलेनिक. ते नसेल तर वाढ मंदावते, पर झडतात, आणि टाकीला धक्का बसला तरी मासा झटका खाऊन निपचित पडतो. उंदराला ओमेगा-६ नं भागलं होतं, थंड पाण्यातल्या ट्राउटला भागलं नाही. याचं एक कारण असं सांगतात की ओमेगा-३ मुळे पेशीचं आवरण थंडीतही मऊ राहतं. तूप थंडीत थिजतं, जवसाचं तेल थिजत नाही, तसंच काहीसं.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काम जपानमध्ये झालं. वातानाबे, ताकेउची आणि ओगिनो यांनी १९७५ च्या सुमारास सायप्रिनसवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की या माशाला दोन्ही कुळं लागतात, १ टक्का लिनोलिक आणि १ टक्का लिनोलेनिक. दोन्ही मिळाली तेव्हा वाढ सर्वांत चांगली. त्यातली एक गोष्ट मला माझ्या तळ्याच्या संदर्भात फार पटली. ट्राउटमध्ये कमतरता लवकर दिसते, सायप्रिनसमध्ये उशिरा. मासा आधी अंगातला साठा वापरतो, नंतर हळूहळू मागे पडतो. म्हणजे मासा मरत नाही, रोगही दिसत नाही. शेतकरी बी खराब होतं म्हणून मोकळा होतो.

तिलापियाचं आणखी वेगळं. त्याला मुख्यतः ओमेगा-६ लागतं, अर्धा ते एक टक्का. म्हणून "माशाला अमुक तेल द्या" असा एकच सल्ला सगळ्यांना चालत नाही. आधी मासा कुठला ते सांगा, मग तेल.

रोहू, कटला, मृगळ हे सायप्रिनसच्याच कुळातले. म्हणून १ टक्का आणि १ टक्का हे माप मी ढोबळ मानानं धरलं आणि वहीवर हिशोब केला.

वहीवरचा हिशोब

१०० किलो खाद्य धरा. ५० किलो लाकडी घाणीची किंवा एक्स्पेलरची शेंगदाणा ढेप, ५० किलो ताजा कोंडा.

ढेपेत तेल साधारण ७ टक्के, म्हणजे साडेतीन किलो. शेंगदाणा तेलात लिनोलिक ढोबळ ३० टक्के. झालं १ किलो. लिनोलेनिक जवळजवळ नाहीच.

ताज्या कोंड्यात तेल साधारण १५ टक्के, म्हणजे साडेसात किलो. त्यात लिनोलिक एक तृतीयांश, झालं अडीच किलो. लिनोलेनिक एक-दीड टक्का, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास.

बेरीज करा. ओमेगा-६ साडेतीन किलो, ओमेगा-३ फक्त १०० ग्रॅम. गरज प्रत्येकी १ किलोची. एक तिप्पट जास्त, दुसरं दहावा हिस्सा.

हा हिशोब झाल्यावर मी पुन्हा आप्पांच्या तळ्याकडे बघितलं. त्यांनीही आयुष्यभर हेच खाद्य टाकलं. मग त्यांच्या माशाला उरलेले ९०० ग्रॅम कुठून मिळाले?

पाण्यातून. हिरव्या शेवाळात लिनोलेनिक भरपूर असतं. डायटम नावाच्या बारीक शेवाळात तर त्याच्या पुढची लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं तयारच असतात. शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांत ती साठतात, कटला ते जीव खातो. रोहू आणि मृगळ शेवाळ, कुजकं, तळाचं जे मिळेल ते खातात. गोड्या पाण्यातले हे मासे लिनोलेनिकपासून पुढची मेदाम्लं स्वतः बनवूही शकतात. म्हणजे आप्पांनी टाकलेलं शेणखत फिरून ओमेगा-३ होऊन माशाच्या पोटात जात होतं. त्यांना हे नाव माहीत नव्हतं. "हिरवं पाणी" एवढंच माहीत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

मग तेलही गेलं

हा झाला पहिला अर्धा भाग. दुसरा भाग पेंडीचाच आहे.

घाणीत किंवा एक्स्पेलरमध्ये दाबून सगळं तेल कधीच निघत नाही, पेंडीत ६ ते ८ टक्के राहतंच. १९६० नंतरच्या दशकांत आपल्या देशात सॉल्व्हंट प्लांट वाढले. हेक्झेन नावाच्या द्रावणानं पेंडीतलं राहिलेलं तेलही धुऊन काढता येऊ लागलं. देशाला खाद्यतेल कमी पडत होतं, त्यामुळे हे चांगलंच झालं. कोंड्याचंही तसंच. कोंड्याचं तेल काढून उरलेला भाग डीऑइल्ड कोंडा म्हणून विकला जाऊ लागला. या मालात तेल उरतं १ टक्क्याच्या आसपास. प्रथिनं मात्र टक्केवारीत थोडी वाढतात, म्हणून पोत्यावर आकडा चांगला दिसतो.

आंध्रमध्ये कोल्लेरू सरोवराच्या भागात मोठी मत्स्यशेती उभी राहिली ती बरीचशी या डीऑइल्ड कोंड्यावर. पोत्यांना भोकं पाडून ती बांबूला बांधायची, मासा येऊन ओढून खातो. पद्धत स्वस्त आणि हुशारीची आहे. पण तिथली तळी मोठी आणि मातीची, खत भरपूर, पाणी हिरवं. आपण तिथलं पोतं आणलं, तिथलं पाणी नाही आणलं.

आता तोच हिशोब नव्या मालानं करा. ५० किलो सॉल्व्हंटची पेंड आणि ५० किलो डीऑइल्ड कोंडा. दोन्हीत मिळून तेल १ किलो. त्यात ओमेगा-६ असेल ३०० ग्रॅम. ओमेगा-३ दहा ग्रॅमसुद्धा नाही. पोत्यावरचं नाव तेच, "पेंड" आणि "कोंडा". आतला माल वेगळा.

मी त्या वर्षी कुठला कोंडा आणला होता? स्वस्त पडतो म्हणून डीऑइल्ड. तो दोन्ही तळ्यांत टाकला. आप्पांच्या तळ्यानं तो खड्डा पाण्यातून भरून काढला. माझ्या तळ्याकडे भरायला काही नव्हतं.

कागदाचं तळं आणि पिंजरा

२०१६ मध्ये राज्यात "मागेल त्याला शेततळे" योजना आली आणि शेततळी खूप वाढली. जिथं पाणी मुरतं तिथं लोकांनी प्लॅस्टिक टाकलं. पाणी वाचवायला ते बरोबरच आहे. पण कागदाच्या तळ्यात चिखल नाही, चिखलातले किडे-अळ्या नाहीत. बोअरचं स्वच्छ पाणी, त्यात खत टाकायला आपण घाबरतो कारण तेच पाणी ठिबकला जातं. मग ते आरशासारखं राहतं.

पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनात हे आणखी टोकाला जातं. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली, तिच्यात जलाशयातल्या पिंजऱ्यांना अनुदान आहे. आपल्याकडे जलाशय कमी नाहीत. तापीवरचं उकाई धरण १९७२ ला पूर्ण झालं, त्याचं फुगवट्याचं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत आलं. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो, नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या गावांत शिरलं. २०१९ च्या पावसाळ्यात ते धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. दोन्हीकडे ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या अनेकांना आता त्याच पाण्यातून मासा काढून पोट भरायचं आहे. मच्छीमार सहकारी संस्था त्यासाठीच निघाल्या.

माझ्या ओळखीतला एक तरुण पिंजरे टाकायच्या विचारात आहे. त्याचे आजोबा उकाईच्या पाण्यात जमीन गेलेले. तो मला म्हणाला, "दादा, कंपनीचं तरंगतं खाद्य परवडत नाही. घरीच पेंड-कोंडा मळून गोळ्या केल्या तर?"

खर्चाचं त्याचं म्हणणं खरं आहे. मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच जातो. पण पिंजऱ्यात मासा दाट असतो, बाहेरचं शेवाळ वाट्याला येतं ते अगदी थोडं. तिथं खाद्य पूरक राहत नाही, तेच सगळं असतं. माझ्या कागदाच्या तळ्यात निदान वाढ खुंटली, जीव राहिला. पिंजऱ्यात डीऑइल्ड मालाच्या गोळ्यांवर मासा धरला तर वर्षाची कमाई जाईल आणि कर्ज उरेल. मी त्याला सरळ सांगितलं, पहिलं पीक तयार खाद्यावर घे, पोत्यावर प्रथिनांसोबत तेलाची टक्केवारीही वाच, आणि घरच्या खाद्याचा प्रयोग एका पिंजऱ्यावर कर. सगळे पिंजरे डावावर लावू नकोस.

तेल घाला, पण खवट नको

इथपर्यंत वाचून कोणी लगेच तेलाचा डबा उघडायला जाऊ नये. जपानचा आणखी एक धडा आहे.

जपानमध्ये रेशीम उद्योग मोठा होता. कोशातली अळी स्वस्तात मिळे, ती सायप्रिनसला घालत. तिच्यात प्रथिनं चांगली आणि तेलात लिनोलेनिकही भरपूर. कागदावर उत्तम खाद्य. पण साठवलेल्या अळीवर वाढलेल्या माशांची पाठ खंगू लागली, पाठीचं मांस झिजून कणा वर दिसायचा. तिथं या रोगाला "सेकोके" म्हणत. १९६० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी दाखवलं की दोष खवट झालेल्या तेलाचा आहे, आणि ई जीवनसत्त्व दिलं तर तो टळतो.

ओमेगा-३ तेल जितकं गुणाचं तितकंच नाजूक. हवा, ऊन आणि उष्णता लागली की खवट होतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान होतं ते तुम्हाला माहीत आहे. कोंड्याचं तर आणखी अवघड. भात भरडला की कोंड्यातलं पाचक द्रव्य लगेच तेल फोडायला लागतं, थोड्या दिवसांत वास बदलतो. म्हणून ताजा कोंडा म्हणजे खरंच ताजा. गिरणीवरून आठवड्याला लागेल तेवढाच आणायचा. हातात घेऊन वास घ्या, चिमूट जिभेवर ठेवा. कडवट लागला तर माशाला नको.

आणखी दोन गोष्टी. सरकी ढेप आपल्याकडे मुबलक, तिच्या तेलात लिनोलिक निम्म्याच्या आसपास आहे, पण ओमेगा-३ नाही आणि गॉसिपॉल आहे. थोडी चालते, तिच्यावर सगळा भार नको. आणि मोहाच्या बियांची पेंड खाद्यात घालूच नका. तिच्यातल्या सॅपोनिननं मासा मरतो. तळं भरण्याआधी नको ते मासे मारायला हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड टाकायची शिफारस आहे ती त्यामुळेच.

मी काय केलं

गेल्या वर्षी तीन बदल केले. एक, डीऑइल्ड कोंडा बंद, गिरणीचा ताजा कोंडा आणि एक्स्पेलरची ढेप. दोन, १०० किलो खाद्यात ५ किलो जवस. जवसाच्या दाण्यात तेल ४० टक्क्यांच्या आसपास आणि त्यात निम्मं लिनोलेनिक, म्हणजे ५ किलोत साधारण १ किलो. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक असतात, म्हणून भरडून उकळून घेतो, आणि त्या दिवशी लागेल तेवढंच. जवस तळ्यासाठी महाग वाटतो, म्हणून बोटुकलीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच देतो. तीन, कागदाच्या तळ्यात तळाला वीतभर माती पसरली आणि ड्रममध्ये शेण कुजवून त्याचं पाणी आठवड्याला थोडं थोडं सोडलं.

हात पाण्यात घालून बघतो. कोपरापर्यंत पाणी आलं आणि तळवा दिसेनासा झाला की हिरवेपणा बरोबर. मनगटालाच दिसेनासा झाला तर शेणाचं पाणी बंद, कारण पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर येऊन तोंड उघडतात.

या वेळी जाळं ओढलं तेव्हा दोन्ही तळ्यांतला फरक बराच कमी झाला होता. कशामुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे श्रेय जवसाचं, कोंड्याचं की हिरव्या पाण्याचं हे वेगळं करता येत नाही. माझा कल पाण्याकडे आहे. शिवाय बी चांगलं नसेल, दाटी जास्त असेल, प्रथिनं कमी असतील तर कुठलंही तेल माशाला वाढवणार नाही. तेल ही शेवटची अडलेली कडी असू शकते, पहिली नव्हे.

एक गोष्ट मात्र पैशाच्या पलीकडची. मासा ज्या प्रकारचं तेल खातो तेच बऱ्याच प्रमाणात त्याच्या मांसात उतरतं. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते बऱ्याचदा कुपोषणासाठी. गरोदर बाईला आणि लहान लेकराला माशातून जे ओमेगा-३ मिळायला हवं, ते आपण माशालाच दिलं नाही तर त्यांच्या ताटात कुठून येणार? मासा वजनाला विकला जातो, पण खाणारा वजन खात नाही.

परवा आप्पांना हे सगळं सांगितलं. बर नवरा-बायको, जपानी सायप्रिनस, टक्केवारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाणी हिरवं ठेवायचं की नाही?"

म्हटलं, "ठेवायचं."

"मग झालं," म्हणाले, आणि शेणाचा ड्रम ढवळायला गेले.

तुमच्याकडे कागदाच्या तळ्यात किंवा पिंजऱ्यात कोणी पूर्ण तेलाचा आणि डीऑइल्ड माल वेगवेगळा देऊन वजनं घेतली असतील, तर जरूर कळवा. एकाच बदलाचा प्रयोग केला असेल तर फारच उत्तम. मी यंदा तेच करणार आहे, दोन्हीकडे पाणी हिरवं आणि जवस एकाच तळ्यात. वजनांची नोंद दिवाळीनंतर इथंच लिहीन.